सायकलस्वार आणि समोरचा वारा

रत्नागिरी शहराच्या उत्तरेस, समुद्राच्या कडेकडेनें आरे-वारेवरून गणपतीपुळ्याकडे जाणारा जो रस्ता आहे, त्या रस्त्यावरील एखाद्या गांवांत राहणारा एक तरुण श्रोत्यांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावा. शहरांतील एका दुकानांत तो नोकरीस आहे. घरापासून दुकान दहा किलोमीटर, आणि वाहन म्हणजे सायकल. सकाळीं तो निघतो तेव्हां हवा शांत असते आणि चाळीस मिनिटांत तो दुकानाच्या दाराशीं येतो. चैत्र-वैशाखाच्या दिवसांत तोच तरुण संध्याकाळीं पांचाच्या सुमारास परत फिरतो. रस्ता तोच, सायकल तीच, पायही तेच. परंतु घर गांठण्यास तास उलटून वर आणखी दहा मिनिटें लागतात. उंबऱ्याशीं आला कीं धाप आवरत नाहीं. आई म्हणते, “अंगांत रक्त राहिलें नाहीं रे तुझ्या.” वडील म्हणतात, “छाती सांभाळ बाबा. कर्ज काढूं, पण आतां मोटरसायकलच घे.” बावीस-तेवीस वर्षांच्या त्या मुलालाही हळुहळू वाटूं लागतें, कीं आपलें कांहीं तरी बिघडलें आहे.

कर्ज काढण्यापूर्वीं आणि छातीला दोष देण्यापूर्वीं या घरानें एका गोष्टीचा विचार करावयास हवा. ती गोष्ट डोळ्यांना दिसत नाहीं, पण सायकलस्वाराचें निम्म्याहून अधिक बळ तीच खाऊन टाकते. ती गोष्ट म्हणजे हवा.

हवेला वजन असतें, हें शाळेंत सर्वांनीं शिकलेलें असतें. पण तें वजन किती, याची सहसा कल्पना नसते. रत्नागिरीसारख्या समुद्रकांठच्या उबदार गांवीं एक घनमीटर हवेचें वजन एक किलोपेक्षां थोडें अधिकच भरतें. साध्या सायकलवर ताठ बसलेला मनुष्य समोरून सुमारें अर्धा चौरस मीटर जागा अडवितो. तो ताशीं २० किलोमीटर वेगानें चालला, तर दर सेकंदाला साडेपांच मीटरांहून अधिक पुढें सरकतो. म्हणजे दर सेकंदाला जवळजवळ तीन किलो हवा त्याला बाजूला सारावी लागते. मिनिटाला हा भार दीड-पावणेदोनशें किलोंवर जातो. तांदळाचीं तीन पोतीं मिनिटामिनिटाला दूर ढकलणाऱ्या हमालाची आपण कींव करतों; सायकलस्वाराची मात्र कोणी करीत नाहीं, कारण त्याचीं पोतीं कोणाला दिसत नाहींत.

आतां वेग दुप्पट केला तर काय होईल? पहिली गोष्ट, दर सेकंदाला दुप्पट हवा वाटेंत येईल. दुसरी गोष्ट, ती हवा दुप्पट घाईनें बाजूला फेंकावी लागेल. दोन दुणे चार. म्हणून हवेचा विरोध चौपट होतो. विरोध हा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, हा नियम सर आयझॅक न्यूटन यांनीं १६८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत मांडला होता, आणि सायकलच्या वेगांना तो अजूनही चांगला लागू पडतो. पण एवढ्यानें हिशेब संपत नाहीं. हा चौपट विरोध सोसून स्वार त्याच एका सेकंदांत दुप्पट अंतर कापीत असतो. म्हणून दर सेकंदाला खर्च होणारी शक्ति आठपट होते. सायकलस्वाराच्या सर्व सुखदुःखांचें मूळ या आठाच्या आंकड्यांत आहे.

अर्थात् हवा हा एकच विरोध नव्हे. टायर रस्त्यावर दबतो आणि पुन्हां फुगतो, त्यांतही शक्ति जाते. मात्र हा चाकांचा विरोध वेगाबरोबर फारसा वाढत नाहीं. तो जवळजवळ ठरावीक असतो. दोहोंची तुलना आंकड्यांनीं केली म्हणजे चित्र स्पष्ट होईल. शक्ति मोजण्याचें माप वॅट. दहा लिटर पाण्याची कळशी विहिरींतून दर सेकंदाला एक मीटर या वेगानें वर ओढावयाची, तर सुमारें १०० वॅट शक्ति लागते. स्वार आणि सायकल मिळून वजन ८० किलो, बसणें ताठ, रस्ता सपाट डांबरी आणि वारा पडलेला, असें धरून केलेला हा अदमास आहे.

ताशीं १० किलोमीटर वेगाला चाकांसाठीं १३ वॅट आणि हवेसाठीं अवघे ६ वॅट लागतात. येथें हवा ही धाकटी भागीदार आहे. ताशीं १५ किलोमीटरला दोघींचा वाटा सारखा होतो. प्रत्येकीस सुमारें २० वॅट. ताशीं २० किलोमीटरला चाकांसाठीं २६ आणि हवेसाठीं ५० वॅट, म्हणजे दोन तृतीयांश श्रम हवेच्या पदरांत पडतात. ताशीं ३० किलोमीटरला चाकांसाठीं ३९ आणि हवेसाठीं १६८; पांचांतील चार भाग हवेनें घेतले. ताशीं ४० किलोमीटरला चाकांसाठीं ५२ आणि हवेसाठीं जवळजवळ ४०० वॅट लागतात. एवढी शक्ति तासभर टिकविणें जगांतील निवडक स्पर्धकांनाच साधतें. साधारण प्रकृतीचा मनुष्य ७५ ते १०० वॅट बराच वेळ देऊं शकतो. म्हणूनच जगांत कोठेंही पाहावें, कामावर जाणारा सायकलस्वार पंधरा ते वीसच्या दरम्यान चालतांना दिसतो. हा वेग त्याला कोणी नेमून दिलेला नाहीं. त्याचे पाय आणि हवा यांनीं आपसांत तो ठरविलेला आहे.

आतां वाऱ्याकडे वळूं. हवा स्वतःच चालूं लागली, तर सायकलस्वाराला तिचा वेग आपल्या वेगांत मिळवावा किंवा त्यांतून वजा करावा लागतो. कोंकणच्या किनाऱ्यावर या वाऱ्यांचें वेळापत्रक ठरलेलें आहे. दिवसा जमीन समुद्रापेक्षां लवकर तापते, तिच्यावरील हवा वर चढते आणि तिची जागा भरण्यास समुद्रावरून वारा येतो. तो खारा वारा. रात्रीं जमीन लवकर निवते आणि पहांटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मंद वारा वाहतो, तो मतलई. उन्हाळ्यांत खारा वारा दुपारीं जोर धरतो आणि रत्नागिरीच्या बाजूस तो बहुधा वायव्येकडून येतो. पावसाळ्यांत नैऋत्येचा वारा दिवसरात्र चालतो, त्याला वेळापत्रकाची गरज नसते.

त्या तरुणाची गोष्ट येथें उलगडूं लागते. सकाळीं पडलेल्या हवेंत तो ताशीं १५ किलोमीटर वेगानें जातो, तेव्हां त्याला एकंदर ४१ वॅट पुरतात. संध्याकाळीं त्याचें तोंड वायव्येकडे असतें आणि समोरून समजा ताशीं १५ किलोमीटर वेगाचा वारा येत आहे. हवेच्या दृष्टीनें तो आतां १५ नव्हे, ३० किलोमीटर वेगानें चालला आहे. पहिलाच वेग राखावयाचा, तर ४१ च्या जागीं १०३ वॅट द्यावे लागतील. म्हणजे अडीचपट श्रम. दिवसभर उभें राहून आलेल्या माणसानें अडीचपट श्रम दिले तर त्याला धाप लागणारच. त्यानें तेवढे श्रम नाकारले आणि सकाळइतकेच ४१ वॅट दिले, तर त्याचा वेग ताशीं साडेआठ किलोमीटरांच्या आसपास येतो आणि दहा किलोमीटरांस ७० मिनिटें लागतात. घरच्या घड्याळानें दाखविलेला वेळ तोच आहे.

यावर कोणी म्हणेल, कीं समोरचा वारा जें घेतो तें पाठीमागचा वारा परत देतो. हा समज फार जुना आहे, आणि हिशेबास टिकत नाहीं. पाठीशीं तोच १५ किलोमीटरचा वारा असेल, तर ४१ वॅटमध्यें वेग ताशीं साडेतेवीसच्या जवळ जातो आणि दहा किलोमीटर २६ मिनिटांत सरतात. समोरच्या वाऱ्याचीं ७० आणि पाठीमागच्याचीं २६ मिळून ९६ मिनिटें झालीं. वारा पडलेला असतां जाऊन-येऊन ८० मिनिटें पुरलीं असतीं. सोळा मिनिटें वाऱ्यानें दलाली म्हणून ठेवून घेतलीं. कारण उघड आहे: प्रतिकूल वाऱ्यांत मनुष्य अधिक वेळ अडकून पडतो, आणि अनुकूल वाऱ्याचा सहवास त्याला थोडाच वेळ लाभतो.

एक गोष्ट येथें सांगून ठेवली पाहिजे. हवामानाच्या बातमींत वाऱ्याचा जो वेग सांगतात, तो जमिनीपासून दहा मीटर उंचीवर मोजण्याची पद्धति आहे. झाडें, घरें आणि जमिनीचा खडबडीतपणा यांमुळें सायकलस्वाराच्या उंचीवर तो बराच कमी असतो. भाट्याच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनाआड उभें राहिलें म्हणजे हा फरक अंगाला कळतो. बन संपून उघडी वाळू लागली कीं वारा एकदम तोंडावर येतो.

चढावर मात्र सगळा न्याय बदलतो. साखरप्याहून आंबा घाट चढतांना किंवा खोपोलीहून बोरघाट चढतांना सायकलचा वेग दहाच्या आसपास उतरतो. शंभर मीटरांमागें सहा मीटर चढण असेल, तर या वेगाला निव्वळ वजन वर नेण्यासच १३० वॅट लागतात. हवेचा वांटा पुन्हां सहाच वॅटांचा. मुंबई–पुणें सायकल शर्यतींत ‘घाटांचा राजा’ हा स्वतंत्र मान दिला जातो, त्यांत मोठें तथ्य आहे. घाटांत हलक्या अंगाचा स्वार पुढें जातो. सपाटीवर ज्याला हवा कापण्याचें तंत्र साधलें तो पुढें जातो. हे दोन निराळे गुण आहेत आणि एकाच माणसांत ते क्वचित् एकत्र येतात.

हवा कापण्याचें तंत्र म्हणजे काय? शरीर अंगानें रुंद असलें, कीं हवा त्याच्या दोन्ही बाजूंनीं फांकते आणि पाठीमागें लगेच मिळत नाहीं. तेथें भोंवरे उठतात, दाब कमी होतो आणि ती पोकळी स्वाराला मागें ओढते. सुरमई मासा पाहावा: तोंड निमुळतें, पोट गोलसर आणि शेपटीकडे हळुहळू बारीक होत गेलेलें अंग. पाणी जसें फांकतें तसें मागें मिळतें. मनुष्याला सुरमई होतां येत नाहीं. पण वांकतां येतें. कोंपरें आंत घेऊन, पाठ आडवी करून, हात खालीं धरले, तर हवेचा विरोध सुमारें तीस टक्क्यांनीं कमी होऊं शकतो.

याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण १९८९ सालच्या फ्रान्सच्या महाशर्यतींतील आहे. तीन हजार दोनशें किलोमीटरांहून अधिक अंतर कापून झाल्यावर शेवटच्या दिवशीं व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतचे साडेचोवीस किलोमीटर उरले होते, आणि लोराँ फिन्याँ हा फ्रेंच वीर अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडच्या ५० सेकंद पुढें होता. लेमाँडनें हँडलला पुढें वाढविलेल्या दांड्या लावल्या, त्यांवर कोंपरें टेकलीं आणि मागें निमुळतें होत गेलेलें शिरस्त्राण घातलें. फिन्याँ उघड्या डोक्यानें, केसांची शेंडी वाऱ्यावर सोडून धांवला. ५० सेकंदांची आघाडी पुसली गेली आणि लेमाँडनें अवघ्या ८ सेकंदांनीं ती शर्यत जिंकली. त्या दिवशींच्या विजयाचें सारें श्रेय दांड्यांना देणें योग्य नव्हे. परंतु आठ सेकंद हवेंतून काढतां येतात, हें त्यानंतर सर्व स्पर्धकांनीं ओळखलें.

हवा विरळ असेल तर काय होतें, हेंही पाहिलें गेलें आहे. बेल्जियमच्या एडी मर्क्सनें १९७२ सालीं तासाभरांत ४९.४३१ किलोमीटर अंतर कापण्याचा विक्रम केला, त्यासाठीं त्यानें मेक्सिको शहर निवडलें. तें शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरांच्या जवळपास उंच आहे आणि तेथील हवा एक पंचमांशानें तरी विरळ आहे. आणि स्वाराला माशाच्या आकाराच्या कवचांत बसविलें तर? २०१६ सालीं अमेरिकेंतील नेवाडा राज्यांत टॉड रायकर्टनें अशा कवचांतून, केवळ पायांच्या बळावर, ताशीं १४४ किलोमीटर वेग गांठला.

कवच नसेल तर दुसऱ्याची आड घेणें हा मार्ग उरतो. पुढच्या स्वाराच्या मागें अंगभर अंतरावर राहिलें, तर मागच्याचा विरोध चतुर्थांशाहून अधिक घटतो. मोठ्या घोळक्याच्या पोटांत हा लाभ केवढा असतो, तें २०१८ सालीं बर्ट ब्लॉकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें. १२१ स्वारांच्या घोळक्याचा अभ्यास करून त्यांना आढळलें, कीं मागच्या-मधल्या रांगांतील स्वाराला एकट्या स्वाराच्या तुलनेनें अवघा पांच ते दहा टक्के विरोध सोसावा लागतो. म्हणून शर्यतींत शेवटपर्यंत घोळका एकत्र राहतो आणि एकट्यानें पुढें निसटणारा बहुधा पकडला जातो.

ही सवलत जेथें बंद केलेली असते, तेथें माणसाची खरी परीक्षा होते. अमेरिका खंड पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणारी सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत प्रसिद्ध आहे. दुसऱ्या स्वाराच्या आडोशानें चालण्यास तींत मनाई असते. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनीं २०१५ सालीं दोघांच्या गटांत ती आळीपाळीनें पुरी केली. वेळ लागला आठ दिवस आणि जवळजवळ पंधरा तास. म्हणजे रात्रंदिवस सरासरी ताशीं २३ किलोमीटर. मग २०१७ सालीं नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि सैन्यांतील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ या दोघांनीं हीच शर्यत एकेकट्यानें, बारा दिवसांच्या मुदतींत संपविली. डोंगर, वाळवंट आणि कॅन्ससचीं उघडीं मैदानें यांतून जातांना दर सेकंदाची हवा त्यांना स्वतःच बाजूला सारावी लागली.

आडोशाच्या मोहाची दुसरी बाजूही आहे, आणि ती घरोघरीं सांगण्याजोगी आहे. १८९९ सालीं चार्ल्स मर्फी नांवाच्या अमेरिकन स्वारानें आगगाडीच्या डब्यामागें, रुळांमध्यें फळ्या अंथरून, एक मैल ५७.८ सेकंदांत तोडला. म्हणजे ताशीं शंभर किलोमीटर. २०१८ सालीं डेनिस म्यूलर-कोरेनेक या बाईंनीं मिठाच्या सपाट मैदानावर, खास बांधलेल्या मोटारीच्या आडोशानें, ताशीं २९६ किलोमीटर वेग गांठला. या कथा ऐकून मुंबई–गोवा महामार्गावर मालट्रकच्या किंवा एस्. टी.च्या मागें सायकल लावणारे तरुण पुष्कळ आहेत. विक्रमाच्या वेळीं रस्ता मोकळा असतो, चालक स्वारासाठींच गाडी हांकीत असतो आणि फळी-फळी तपासलेली असते. महामार्गावरील चालकाला मागें कोणी आहे याची वार्ताही नसते. ताशीं ४० किलोमीटर वेगाला एका सेकंदांत ११ मीटर अंतर जातें, आणि ब्रेककडे हात जाईपर्यंत एक सेकंद सहज सरतो. पुढचा खड्डा तर ट्रकच्या पोटाखालून बाहेर पडेपर्यंत दिसतच नाहीं. शंभर वॅट वांचविण्यासाठीं एवढी किंमत कोणत्याही घरानें देऊं नये. मोठें वाहन शेजारून जातांनाही हवा प्रथम बाहेर ढकलते आणि लगेच आंत ओढते. पुलावर आडवा वारा असतांना असें वाहन आलें, तर हँडल घट्ट न आवळतां स्थिर धरावें आणि कडेपासून थोडें अंतर राखावें.

मग त्या तरुणानें करावें काय? पहिलें, वाऱ्याशीं झुंज घेऊं नये. सकाळइतकाच जोर द्यावा आणि वेग घटला तर घटूं द्यावा. दहा किलोमीटरांना ३० च्या ऐवजीं ४० मिनिटें दिलीं, तर पडलेल्या हवेंतही एकूण श्रम एक चतुर्थांशाहून अधिक कमी होतात. समोरच्या वाऱ्यांत तर सावकाशपणा अधिकच लाभतो. दुसरें, उघड्या पट्ट्यांत वांकून बसावें. समोरच्या वाऱ्यांत १०३ वॅट मागणारा तोच वेग वांकल्यानें ७८ वॅटवर येतो. तिसरें, फडफडणारा सदरा आणि वाऱ्यानें फुगणारा रेनकोट अंगासरसा बांधावा. एका हातांत उघडी छत्री धरणें तर सर्वथा वर्ज्य. चौथें, चाकांत हवा पुरती भरावी आणि साखळीस तेल द्यावें, म्हणजे निदान दुसरा भागीदार तरी आपल्या वांट्याहून अधिक मागणार नाहीं. गांवचाच कोणी सोबती असेल, तर मोकळ्या रस्त्यावर दोघांनीं आळीपाळीनें पुढें व्हावें. मात्र थांबण्यापूर्वीं आवाज द्यावा.

जे केवळ व्यायामासाठीं निघतात, त्यांनीं जातांना वारा तोंडावर घ्यावा आणि येतांना पाठीवर. उलट केलें तर ताज्या पायांना वाटतें, कीं आज अंगांत विशेष बळ आलें आहे. आणि परतीच्या वाटेवर भ्रम फिटतो. पाठीमागच्या वाऱ्याचा आणखी एक फसवेपणा आहे. वारा आणि स्वार एकाच वेगानें चालले, तर अंगाला हवा लागतच नाहीं. कोंकणच्या दमट उन्हांत घाम वाळेनासा होतो आणि पाय हलके वाटत असतांनाच शरीर तापतें. पाणी जवळ असावें तें अशा वेळीं.

शेवटचा प्रश्न त्या आईचा आहे: मुलाची छाती खरोखर निर्दोष आहे ना? याची पहिली कसोटी सोपी आहे. सुट्टीच्या दिवशीं पहांटे, पानही हलत नसतांना, त्यानें शहराकडून गांवाकडे, म्हणजे संध्याकाळच्याच दिशेनें, सायकल न्यावी आणि घड्याळ पाहावें. वेळ चाळीस मिनिटांच्या जवळ आला आणि धाप लागली नाहीं, तर दोष वाऱ्याचा. परंतु पडलेल्या हवेंत, सपाट रस्त्यावर, सावकाश चालतांनाही दम कोंडत असेल किंवा छातींत दुखत असेल, तर वाऱ्यावर खापर न फोडतां त्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे जावें. हवेचा हिशेब कळणें हें दोन्ही बाजूंनीं उपयोगी पडतें. निरोग्याची भीति त्यानें जाते, आणि आजाऱ्याला सबब उरत नाहीं.

कसोटींत तो तरुण उतरला, तर वडिलांनीं कर्जाचा विचार दोन दिवस पुढें ढकलावा आणि आईनें संध्याकाळच्या चहाचें आधण अर्धा तास उशिरानें ठेवावें. वैशाख सरला कीं वारा दिशा बदलील. नैऋत्येचा पाऊस सुरू झाला, म्हणजे संध्याकाळीं तोच वारा बहुतेक कडेनें आणि थोडा पाठीशीं येईल, आणि सकाळीं निघतांना मात्र घरांतून कांहीं मिनिटें लवकर बाहेर पडावें लागेल.